प्रमुख पाहुण्यांच्या आधी मानलेले आभार

निवृत्तीनंतर अकोला सोडून पनवेलला येण्याचे आमचे एकमेव कारण म्हणजे मुलगा इथे नोकरीला होता. आम्ही सुकापूरला सदनिका घेतली, खिडक्यांची मापे देऊन पडदे शिवून घेतले, आणि पडदे लागले त्याच महिन्यात मुलाची बंगळूरला बदली झाली. ज्याच्यासाठी आलो तो इथे नाही आणि जे आमचे होते ते सगळे अकोल्यात, अशा अवस्थेत आम्ही दोघे समोरच्या इमारतीला रोज एक मजला चढताना पाहत बसलो होतो.

अशा वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर एक आवाहन आले. महिलांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचे काही सामने नव्या मुंबईत होणार होते आणि स्वयंसेवक हवे होते. वयाची अट नव्हती. मी उभी हयात महाविद्यालयात भूगोल शिकवला. ज्या देशांचे पर्जन्यमान आणि मुख्य पिके मी फळ्यावर लिहीत आले, त्यांपैकी एकाही देशातले माणूस मी कधी समोर पाहिले नव्हते. मी नाव नोंदवले आणि मगच घरी सांगितले.

"तू?" हे वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले. "अगं, रिक्षावाला चुकीच्या वळणावर गेला तरी तू त्याला सांगत नाहीस. पुढे उतरून मागे चालत येतेस. तू परदेशी लोकांना रस्ता दाखवणार?"

यात खोटे काहीच नव्हते.

स्वयंसेवकाचे काम म्हणजे मुख्यतः वाट पाहणे, हे मला प्रशिक्षणातच समजायला हवे होते. प्रशिक्षण संगणकाच्या पडद्यावर झाले. त्यात हसावे कसे, याचा एक स्वतंत्र तास होता. टी-शर्ट मिळाला तो माझ्यात आणि ह्यांच्यात मिळून पुरला असता. कामाची जागा ठरली, बदलली, पुन्हा पहिलीच ठरली. आमची समन्वयिका पंचविशीतली एक चटपटीत मुलगी होती. तिच्या कानाला सदैव काहीतरी लावलेले असे आणि त्यातून येणारा आवाज ती माझ्याशी बोलता बोलताच ऐके, त्यामुळे तिचे निम्मे बोलणे माझ्याशी नसे. तिने मला पळस्प्याच्या अलीकडच्या एका मैदानावर नेमले. मैदान एका शिक्षणसंस्थेचे होते. स्पर्धेसाठी त्यावर नवे गवत आणि उंच खांबांवर फ्लडलाइट आले होते. तिथे संघ सरावाला येणार होते.

"काकू, तुम्ही टीम लायझन. टीम आली की वेलकम, गेली की बाय. मध्ये काही झालं तर मला कॉल."

"आणि तुमचा फोन लागला नाही तर?"

"लागतो हो काकू." पुढच्या आठवड्यात तो एकदाही लागला नाही.

माझ्या वाट्याला आलेला संघ दूरच्या समुद्रातल्या एका लहानशा बेटदेशाचा होता. मुली मोठमोठ्याने गात बसमधून उतरत आणि मला बघून हात हलवत. मीही प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे हसे. त्या गर्दीत एकच बाई शांत असे. ती राखीव गोलरक्षक होती. चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई, गावाकडे टपाल कचेरीत नोकरी करणारी. तिचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी एकमेकांना सांभाळून घेणारे होते. फुटबॉल ती लहानपणापासून खेळत होती, परंतु गोलसमोर उभी राहिली ती तिशी उलटल्यावर. संघातली गोलरक्षक लग्न करून दुसऱ्या बेटावर गेली म्हणून. देशासाठी ती अजून एकही सामना खेळली नव्हती. बाकावर बसायला मला चांगले येते, असे ती म्हणाली. मी म्हणाले, मलाही.

दुसऱ्या सामन्यात त्यांच्या मुख्य गोलरक्षकाचा अंगठा मोडला.

त्यानंतर सरावाच्या वेळापत्रकावरून समन्वयिका कानातल्या आवाजाशी भांडत असताना ती बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. शेवटचा सामना तिला खेळायचा होता आणि तो संध्याकाळचा होता, दिव्यांखाली. तिच्या गावच्या मैदानावर दिवे नाहीत. उंचावरून येणारा चेंडू दिव्याच्या आड गेला की तो तिला क्षणभर दिसत नसे, आणि तो क्षण पुरे होता. आतापर्यंतचे सगळे सराव सकाळचे झाले होते. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र संघाला संध्याकाळचा एक तास मिळाला होता. त्या तासात प्रशिक्षिका तिला फक्त उंच चेंडू टाकणार होती. तास संपला की पुढचा संघ येणार, म्हणजे वाढवून मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

"पूर्ण तास मिळेल ना?" तिने विचारले.

"नक्की," मी म्हणाले. स्वभावतः मी 'नक्की' हा शब्द वापरत नाही. त्या दिवशी का वापरला, हे मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी मैदानावर वेळेआधी पोहोचले, आणि फाटकातूनच मला दिसले की गवताच्या कडेला एक व्यासपीठ उभे आहे.

साधेसुधे नव्हे. लाल गालिचा, पांढऱ्या खोळी घालून मागे फीत बांधलेल्या खुर्च्या, दोन मोठे ध्वनिक्षेपक, मध्यभागी छातीएवढी पितळी समई. समईच्या बाजूच्या टेबलावर शालींची चळत आणि नारळांचा ढीग. प्रेक्षकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, त्याही थेट गोलच्या जाळीपर्यंत आलेल्या. गावातली मंडळी नटूनथटून बसलेली.

"हे काय आहे?" मी समन्वयिकेला विचारले.

"सत्कार आहे काकू. स्वागत समितीचा. वरून परमिशन आहे. हॅलो? हो, गेट टू. दोनच मिनिटं म्हणाले ते."

'दोन मिनिटं' हे आपल्याकडे कालमापन नाही, हे मी तिला काय सांगणार!

स्वागत समितीचे अध्यक्ष स्वतःच पुढे आले. पांढरेशुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या, चेहऱ्यावर घरच्या लग्नाचा आनंद. सगळे त्यांना शेठ म्हणत होते.

"या मॅडम, या! तुमीच काय त्या पोरींच्या बरोबरच्या? बसा पुढं. पावन्यांना आज असा मान देऊ, का देशाला जाऊन सांगतील."

"शेठ, त्यांना सरावाला एकच तास आहे. सत्कार सरावानंतर ठेवता आला असता."

"मंग घामानं भिजलेल्या अंगावर शाल घालू काय? बरं दिसंल?" ते मोठ्याने हसले. मग हसू आवरून, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, ही जमीन आमची हाय. होती. आमच्या बापानं इथं भात लावलाय. मैदानाचं उद्‌घाटन झालं तवा मोठेमोठे आले, पन आमाला कोनी बोलावलं नाय. कागद नाय, फोन नाय. आता जग आलंय दारात, तर आमी कुंपनाच्या भायेरनं बगायचं?"

वैताग याचाच आला की त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि तरीही घड्याळ चालूच होते.

"आनि आभार तुमी मानायचे," जाता जाता ते म्हणाले. "तुमी प्रोफेसर मानूस. शेवटी दोन शब्द."

इथे थोडे मागे जाणे भाग आहे. महाविद्यालयात आभारप्रदर्शन कायम माझ्याकडे असे. प्रास्ताविकाला लोक धडपडत, परिचय करून देण्यासाठी रुसवेफुगवे होत. आभार मानायला मात्र कोणी तयार नसे, आणि ते ऐकायलाही कोणी नसे. मी उभी राहून 'सन्माननीय अध्यक्ष' एवढे म्हणेपर्यंत पहिली रांग चपला शोधू लागे, 'ऋणी आहोत' म्हणेपर्यंत सभागृह रिकामे झालेले असे. बुजऱ्या माणसाला हे फार सोयीचे होते. कोणी ऐकत नाही, याची खात्री असल्याशिवाय मला चार माणसांत बोलताच येत नाही. त्यामुळे शेठना मी होकार दिला. तशी सवयच होती.

संघाची बस पळस्पे फाट्यावर बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत अडकली आणि मैदानावर आली तेव्हा तासाचा पहिला तुकडा गेलाच होता. मुली धावत उतरल्या आणि धावत गवतावर जाणार एवढ्यात निवेदकाने त्यांना ध्वनिक्षेपकावरूनच थांबवले. प्रशिक्षिकेला वाटले, हा या देशातला सक्तीचा शिष्टाचार असावा. तिने अदबीने संघाला रांगेत उभे केले.

दीपप्रज्वलन सुरू झाले. उघड्या मैदानावर संध्याकाळचा वारा सुटला होता. मेणबत्ती पेटे, वातीपाशी नेईपर्यंत विझे. चार माणसांनी समईभोवती हातांचा आडोसा केला. मग निवेदक म्हणाला, ज्योत लागेपर्यंत आपण टाळ्या वाजवू या. लोकांनी वाजवल्या. वारा थांबला नाही. अखेर कोणीतरी एक वात कशीबशी लावली, छायाचित्रकाराने लगेच छायाचित्र घेतले, आणि ती विझली.

मग सत्कार. प्रत्येक मुलीला वेगळी शाल, वेगळा नारळ, वेगळे गुलाबपुष्प, आणि देणारा दर वेळी वेगळा मान्यवर, ज्याचे नाव आणि भूषवलेली सारी पदे निवेदक सांगणार. संघ तेवीस जणींचा. मी खुर्चीवर टोकाला बसून मनातल्या मनात भागाकार करीत होते. माझी ती गोलरक्षक हातमोजे घालून तयार होऊन आली होती. शेठच्या हातून तिच्या खांद्यावर शाल पडली, हातमोज्यांत नारळ आला. तिने तो सवयीने छातीशी धरला आणि मान वर करून दिव्यांकडे पाहिले. दिवे लागले होते. तिच्यासाठीच लागले होते, आणि त्यांच्या उजेडात एका सहकारी पतसंस्थेचे उपाध्यक्ष पुढच्या मुलीसाठी शालीची घडी मोडत होते.

मी समन्वयिकेला फोन लावला. ती माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. तिथेही तो लागला नाही. उठून तिच्याकडे गेले.

"आता पुरे करायला सांगा ना त्यांना."

"काकू, मी कसं सांगू? चीफ गेस्ट यायचेत अजून. ते पळस्प्याला पोचलेत म्हणे."

"पळस्प्याला आपली बससुद्धा पोहोचली होती," मी म्हणाले. "पोहोचणे आणि निघणे यांत फरक असतो."

तिने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले, पण तेवढ्यात तिच्या कानात कोणीतरी बोलले.

सत्कार संपले. शेठ बोलायला उभे राहिले आणि ते चांगले बोलले, हेही सांगितले पाहिजे. बापाच्या भातखाचराबद्दल बोलले, थोडक्यात बोलले, आणि बसले. आता उरले होते प्रमुख पाहुण्यांचे भाषण, आणि प्रमुख पाहुणे ट्रेलरांच्या मागे होते. निवेदक शेरोशायरीवर उतरला. गोलरक्षक नारळ धरून तशीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत तक्रार असती तर मी जागची हलले नसते; तक्रार सहन करण्याचा मला सराव आहे. तिने फक्त भुवया किंचित उंचावून विचारले, अजून? जणू हे वेळापत्रक माझ्या हातात होते.

निवेदकाला फोन आला. ध्वनिक्षेपकाचा माइक टेबलावर ठेवून, कानावर हात धरून तो व्यासपीठाच्या मागे गेला.

मी उठले. गालिच्याला अडखळले ते मला स्पष्ट आठवते. माइक हातात घेतल्यावर मी वर पाहिले नाही. टेबलावरच्या नारळांकडे बघत मी बोलू लागले.

"सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि ग्रामस्थ बंधुभगिनींनो. आजचा हा हृद्य सोहळा ज्यांच्या भूमीवर पार पडला त्या ग्रामस्थांचे आपण सर्वप्रथम ऋणी आहोत. स्वागत समितीचे अध्यक्ष, सर्व पदाधिकारी, मंडप, ध्वनी आणि प्रकाशव्यवस्था पाहणारे, या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते, आणि अध्यक्षांच्या अनुमतीने कार्यक्रम संपला असे जाहीर करते. चहापानाची व्यवस्था बाहेर वाहनतळावर आहे."

चहाची व्यवस्था वस्तुतः व्यासपीठाच्या मागे होती. परंतु मला गवत रिकामे हवे होते.

'ऋणी आहोत' या शब्दांवरच खुर्च्या सरकल्या. लोकांच्या कानांनी काय ऐकले याचा विचार होण्याआधी त्यांचे गुडघे सरळ झाले होते. बायकांनी मुलांना उचलले, पुरुषांनी खिशातला फोन काढला, मान्यवर एकमेकांना हात जोडू लागले. मंडपवाल्याच्या माणसांनी तर मागच्या रांगेतून खुर्च्या एकात एक घालायला सुरुवातही केली. चहावाले दोघे पिंप उचलून, 'वाहनतळावर कोण बोललं?' असे एकमेकांना विचारत, गर्दीच्या पुढे पळत निघाले. निवेदक फोनवर 'हो साहेब, या साहेब' म्हणत परत आला आणि रिकाम्या होत चाललेल्या रांगांकडे पाहत तोंड उघडे ठेवून उभा राहिला.

"मॅडम!" शेठ माझ्यासमोर आले. चेहरा लाल झाला होता. "पावने यायचेत अजून! भाषान हाय त्यांचं!"

"आभार मानले, शेठ."

"मानले मंजे?"

"मानले."

ते माझ्याकडे, मग माइककडे, मग वाहनतळाकडे वाहणाऱ्या गर्दीकडे पाहत राहिले. आभार मानल्यावर कार्यक्रम पुन्हा कसा सुरू करतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते कोणालाच ठाऊक नसते.

"अवो पन, आमाला विचारायचं तरी," ते शेवटी म्हणाले. रागापेक्षा त्यात दुखावलेपण जास्त होते, आणि तेच मला अधिक लागले. मग ते धोतराचा सोगा सावरीत वाहनतळाकडे गेले.

माझ्या मागे चेंडूला पहिली लाथ बसल्याचा आवाज झाला. शाली नारळांवर रचून ठेवल्या होत्या. प्रशिक्षिका उंच चेंडू टाकत होती आणि ती बाई दिव्यांकडे तोंड करून उड्या मारीत होती. पहिले काही चेंडू तिच्या डोक्यावरून गेले. मग एक तिच्या हाताला लागून सुटला. तासातला उरलेला भाग अर्ध्याहूनही कमी होता. तो संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.

प्रमुख पाहुणे आले ते पुढच्या संघाच्या बसच्या मागोमाग. त्यांचा सत्कार वाहनतळावर, दोन मोटारींच्या मध्ये झाल्याचे मला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समन्वयिकेचा फोन आला. तिला मात्र माझा फोन कायम लागत असे. "काकू, वरून आलंय. तुम्ही आज टीमसोबत नाही. मैदानाच्या गेटवर. सॉरी हं."

म्हणजे सामन्याच्या संध्याकाळी, सगळे जग नव्या मुंबईच्या स्टेडियमवर असताना, मी पळस्प्याच्या अलीकडच्या रिकाम्या मैदानाच्या फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ह्यांना फोन करून मी विनंती केली, की टीव्हीवर सामना लावा आणि मला सांगत राहा.

"मला फुटबॉलमधलं काय कळतं?" हे म्हणाले. पण लावला.

पाच मिनिटांत एक मोटार येऊन उभी राहिली. शेठ उतरले.

"समई ऱ्हायली काल," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "देवळातली हाय. आत स्टोरात ठेवलीय म्हनं."

मी खजील होऊन सांगितले की आतली वस्तू बाहेर नेण्यासाठी समन्वयिकेचा गेटपास लागतो.

"आत आनली तवा कोनी पास विचारला?"

"नाही."

"मंग?"

"मला खरेच काही माहीत नाही, शेठ. मी तिला फोन लावते आहे. लागत नाही."

त्यांनी एक मोठा उसासा टाकला. तो उसासा गेले दोन आठवडे माझ्या छातीत होता, त्यामुळे मला तो ओळखू आला. मी दुसरी खुर्ची पुढे केली. ते बसले. माझ्या मांडीवरच्या फोनमधून ह्यांचा आवाज येत होता.

"ऐकतेस ना? तुझी ती गोलवाली दिसते आहे. नुसतीच उभी आहे."

"तिचे काम तेच आहे," मी म्हणाले.

"कंची? मोठी बाई, हातमोजेवाली?" शेठनी विचारले. "माझ्याच हातनं शाल दिली तिला." खुर्ची त्यांनी थोडी जवळ घेतली. मी त्यांना दिव्यांचे सांगितले. तिच्या गावी दिवे नाहीत, उंच चेंडू दिसत नाही, तो तास कशासाठी होता, हे सगळे. काल जे सांगायचे राहिले होते ते. ते अंगठी फिरवीत राहिले.

"कॉर्नर की काय म्हणतात ते आहे," हे फोनवर ओरडले. "उंच मारला! फार उंच! हा—"

आवाज थांबला. आम्ही दोघे फोनवर वाकलो.

"अहो, काय झाले?"

"अगं, चहा सांडला. पकडला! दोन्ही हातांनी, सगळ्यांच्या डोक्यावरून!"

"पकडला?" शेठ मला म्हणाले.

"पकडला."

"मंग! आमच्या मैदानावर शिकली ती."

त्या संध्याकाळी तिने आणखी दोन उंच चेंडू पकडले. गोल झाला तो जमिनीलगत, उजव्या कोपऱ्यातून, आणि त्या एका गोलने त्यांचा संघ हरला. हे म्हणाले, त्यात तिची काही चूक नव्हती. एका संध्याकाळीत ह्यांना फुटबॉलमधले सगळे कळू लागले होते.

समन्वयिकेचा फोन लागला नाहीच. अखेर मी स्वतःच फाटकाजवळ खिळ्याला टांगलेली स्टोअरची किल्ली घेतली आणि आम्ही दोघांनी मिळून समई बाहेर आणली. गेटपासाशिवाय. ती मोटारीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवून शेठ वळले.

"मॅडम, पुढल्या महिन्यात आमच्या गावदेवीच्या देवळाचा कार्यक्रम हाय. तेच सायेब येनार भाषानाला." ते जरा थांबले. "लई बोलतात ओ. जेवन निवून जातंय. आभार तुमीच माना. पन मी इशारा केल्याबिगर उठायचं नाय."

मी म्हणाले, मला जमणार नाही, मला चार माणसांत बोलता येत नाही.

"ते बगितलं आमी," शेठ म्हणाले, आणि मोटार सुरू केली.